वेदोक्ताला प्रकरण म्हणू नये

कोल्हापूरच्या आधुनिक इतिहासात दोन गोष्टी ‘प्रकरण’ या एकाच नावाखाली नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यामुळे दुसरीचे मोठे नुकसान झाले आहे. पहिली गोष्ट १८८१-८२ ची. छत्रपती चौथे शिवाजी महाराज गादीवर होते, पण कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचे चित्त ठिकाणावर नाही, असे सरकारी बाजू सांगत होती. त्यांचा छळ चालला आहे आणि त्यांना वेडे ठरवण्याचा घाट घातला आहे, असा संशय लोकांत पसरला होता. जानेवारी १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी तो उघडपणे मांडला. त्यासाठी काही पत्रांचा आधार घेतला गेला. ती खुद्द बर्व्यांनी लिहिल्याचे सांगण्यात आले होते. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, दिलगिरी व्यक्त करूनही खटला थांबला नाही, आणि जुलै १८८२ मध्ये संपादक टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हे ‘कोल्हापूर प्रकरण’. दुसरी गोष्ट त्यानंतर सतरा वर्षांनी, १८९९ च्या कार्तिकात, पंचगंगेच्या घाटावर सुरू झाली. शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. विचारणा झाली तेव्हा उत्तर आले की शूद्राला पुराणोक्तच सांगायचे असते. याला आपण ‘वेदोक्त प्रकरण’ म्हणतो. पाठ्यपुस्तकांत, चरित्रांत, जयंतीच्या भाषणांत सगळीकडे हेच नाव रूढ आहे.

इंग्रजीत अशा सार्वजनिक खळबळीसाठी दोन निराळे शब्द आहेत, स्कँडल आणि कॉन्ट्रोव्हर्सी. पहिल्याच्या मुळाशी सापळ्यासाठी किंवा पायात येणाऱ्या अडथळ्यासाठी वापरला जाणारा ग्रीक शब्द आहे. दुसऱ्याच्या मुळाशी एकमेकांविरुद्ध तोंड करून उभे राहण्याची लॅटिन कल्पना आहे. पण व्युत्पत्तीपेक्षा आजचा वापर महत्त्वाचा. स्कँडलमध्ये नियम कोणता, याविषयी सगळ्यांचे एकमत असते. तो अमुक माणसाने मोडला की नाही, एवढाच प्रश्न असतो. कॉन्ट्रोव्हर्सीत काय घडले याविषयी फारसे दुमत नसते. नियम कोणता असावा, याविषयी समाज दुभंगलेला असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. काय सिद्ध झाले म्हणजे हे मिटेल, असे विचारून पाहावे. बर्व्यांच्या बाबतीत याचे उत्तर होते: पत्रे खरी की खोटी. पालनातल्या राजाचा छळ करणे योग्य आहे, असे म्हणणारा एकही माणूस त्या वेळी ना पुण्यात होता, ना कोल्हापुरात, ना सरकारी छावणीत. म्हणून पत्रे खरी ठरती तर बर्वे दोषी, खोटी ठरली म्हणून संपादक दोषी. न्यायालय हे अशा भांडणाचे योग्य ठिकाण होते, मग त्या निकालाने लोकांचे समाधान होवो वा न होवो. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला, तेव्हा जुना संशय पुन्हा उफाळला. पण तोही तथ्याचाच संशय होता. त्या किल्ल्यात नेमके काय घडले, एवढेच लोकांना जाणून घ्यायचे होते.

आता हीच कसोटी वेदोक्ताला लावून पाहावी. भटजींनी पुराणोक्त मंत्र म्हटले, हे कोणी नाकारले नाही. राजोपाध्ये आप्पासाहेबांनी राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार दिला, हेही त्यांनी लपवले नाही. उलट नकार हा आपला धर्म आहे, अशीच त्यांची भूमिका होती. म्हणजे शोधून काढावे असे गुपित यात काहीच नव्हते. चौकशी समिती महाराजांनी नेमली, ती भोसले घराण्याच्या क्षत्रियत्वाबद्दल, आणि १९०२ मध्ये तिने अनुकूल अहवाल दिला. इथे कोणी म्हणेल की घराणे क्षत्रिय आहे की नाही, हा तथ्याचाच प्रश्न नाही का? वरवर तसा दिसतो खरा. पण पुरावा तर सव्वादोनशे वर्षे समोरच होता. ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक वेदोक्त विधींनी केला होता. तरीही १८३० च्या सुमारास साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या काळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, शास्त्र्यांचे वाद झडले, आणि सत्तर वर्षांनी कोल्हापुरात तो तिसऱ्यांदा उठला. पुराव्याने तो मिटणार असता तर एकदाच मिटला असता. कलियुगात मधले दोन वर्ण उरलेच नाहीत, ब्राह्मण आणि शूद्र एवढेच शिल्लक आहेत, ही ज्यांची धारणा, त्यांच्यापुढे कितीही वंशावळी ठेवल्या तरी उपयोग नव्हता. खरा प्रश्न असा होता की मंत्राचा अधिकार जन्मावर ठरावा काय, आणि तो ठरवणार कोण. एका माणसाने केलेल्या गैरवर्तनाशी या प्रश्नाचा काही संबंध नाही. ही शुद्ध अर्थाने कॉन्ट्रोव्हर्सी आहे. तिला मराठीत ‘वाद’ हा शब्द आहे, आणि आपण तो वापरलेला नाही.

‘प्रकरण’ या शब्दाला मराठीत कचेरीचा वास आहे. प्रकरण दाखल होते, दडपले जाते, निकाली निघते, कुणाच्या तरी अंगाशी येते. त्यात नेहमी एक माणूस अडकलेला असतो आणि शेवटी फाईल बंद होते. वेदोक्ताला हे नाव दिल्याबरोबर महाराज आणि राजोपाध्ये अशी दोनच पात्रे उरतात: एक दुखावलेला राजा, दुसरा हट्टी पुरोहित. ब्रिटिश सरकारनेही त्याकडे असेच पाहिले. मे १९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामे जप्त झाली, त्यांनी वरपर्यंत दाद मागितली, आणि १९०५ मध्ये व्हाइसरॉयच्या पातळीवर अपील फेटाळले गेले. वेदांचा अधिकार कोणाला, हा प्रश्न सरकारपुढे नव्हताच. चाकरीसाठी दिलेले इनाम चाकरी नाकारल्यावर काढून घेता येते की नाही, एवढाच होता. सरकारी दफ्तरात त्याच वर्षी विषय संपला. कोल्हापुरात मात्र तो तेव्हा कुठे सुरू होत होता. जप्तीनंतर तीन महिने उलटायच्या आत, २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवण्यात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. यातली प्रत्येक पायरी अधिकार जन्मावर ठरावा का, या एकाच प्रश्नाची आहे. धर्मविधीतला प्रश्न नोकरीत गेला, नोकरीतून धर्मपीठात गेला, आणि मराठ्यांच्या क्षत्रियत्वापाशी न थांबता अस्पृश्यांच्या हक्कापर्यंत पोचला. हा प्रवास ‘प्रकरण’ या शब्दात मावत नाही, म्हणून आपल्याकडे तो तुटक सांगितला जातो. वेदोक्त एका धड्यात, आरक्षण दुसऱ्यात, माणगाव तिसऱ्यात.

या वादात टिळक कुठे उभे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘केसरी’ने अग्रलेख लिहून या मागणीची संभावना खूळ अशी केली. ज्या पत्राने १८८२ मध्ये कोल्हापूरच्या राजासाठी तुरुंगवास पत्करला, त्याच पत्राने एकोणीस वर्षांनी कोल्हापूरच्या राजाची मागणी उडवून लावावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटते आणि मग त्याचे स्पष्टीकरण केवळ जातीत शोधले जाते. जातीचा भाग त्यात आहेच, आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण दोन्ही वेळच्या भूमिकांमागे एक सलग विचारही दिसतो. टिळकांना स्कँडल लढता येत होते. परक्या सत्तेचे नोकर राजावर अन्याय करतात, हे उघड करण्यात समाज एक होतो. कॉन्ट्रोव्हर्सीत समाज दुभंगतो, आणि स्वराज्याआधी समाज दुभंगू नये, ही त्यांची राजकीय गरज होती. म्हणून वादाला खूळ म्हणणे त्यांना सोयीचे होते. खूळ म्हटले की उत्तर देण्याची जबाबदारी संपते. मला ही भूमिका चूक वाटते. ती चूक ठरली, याची साक्ष पुढच्या वीस वर्षांच्या ब्राह्मणेतर चळवळीने दिली. पण तिला उत्तर देताना आपण ‘प्रकरण’ हा शब्द वापरतो, तेव्हा नकळत तीच भूमिका मान्य करतो. हा मूलभूत वाद नव्हता, तात्पुरती खळबळ होती, हे टिळकांचे म्हणणे आपल्या नामकरणात शाबूत राहते.

राजोपाध्यांच्या बाजूने एक गंभीर आक्षेप आहे. एखाद्या माणसाला त्याच्या श्रद्धेविरुद्ध मंत्र म्हणायला लावणे, आणि न म्हटल्यास त्याची जमीन घेणे, हा अन्याय नाही का? हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर असे. राजोपाध्ये खासगी गृहस्थ म्हणून काय मानतात, यात राजाने हात घालण्याचे कारण नव्हते आणि त्याने तो घातलाही नाही. पण ते पद राजाच्या घरचे होते, इनाम त्या पदाचे होते, आणि नकाराचा आधार यजमानाला शूद्र ठरवण्याचा होता. यजमानाच्या अपमानावर उभी असलेली चाकरी यजमानाच्याच खर्चाने चालवण्याचा हक्क कोणाला असू शकत नाही. कोणी हे उत्तर अपुरे मानेल, आणि तसे मानण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. महत्त्वाचे इतकेच, की आक्षेप आणि उत्तर ही दोन्ही वादाच्या आतली आहेत. दोन्हींत तत्त्व पणाला लागले आहे. आणखी एक बाजू तर ‘प्रकरण’ म्हटल्यावर दिसतच नाही. फुल्यांच्या विचारातून आलेल्या सत्यशोधकांना वेदोक्त मागणेच मुळात पटण्यासारखे नव्हते; भटाविना आणि वेदाविना विधी करावेत, हा त्यांचा मार्ग. म्हणजे ब्राह्मणेतरांतही दोन मते होती: वेद आम्हालाही द्या, आणि वेद आम्हाला नकोच. शाहू महाराजांना या दोन मतांमधून वाट काढावी लागली. राजा विरुद्ध पुरोहित अशी दोन पात्रांची गोष्ट सांगितली की ही तिसरी बाजू गळून पडते, आणि मला तर तीच सर्वांत विचार करायला लावणारी वाटते.

नावापुरते न थांबता वादाची वासलातही प्रकरणासारखी लावली की काय होते, याचे उदाहरण पुण्यात आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी घेतली नाहीत. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली. त्यातून ग्रामण्य उभे राहिले आणि बाब शंकराचार्यांपर्यंत गेली. खरा प्रश्न असा होता की ख्रिस्त्याच्या हातचा चहा प्यायल्याने माणूस धर्मातून जातो, हा नियम ठेवायचा की टाकायचा. चौकशी मात्र झाली ती कोण हजर होते, कोणी कप तोंडाला लावला, याची. अशा चौकशीत उतरायचे तर नियम आधीच मान्य करावा लागतो. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने अखेर प्रायश्चित्त घेतले, आणि नियमाची चर्चा न होताच तो शाबूत राहिला. आपल्या अनेक सामाजिक सुधारणा इथेच अडकल्या. सुधारणेचा प्रश्न निघाला की समाज तथ्यांची चौकशी सुरू करतो, दोषी शोधतो, त्याच्याकडून माफी घेतो आणि घरी जातो.

कोणी म्हणेल की ही रेघ इतकी स्वच्छ नसते, प्रत्येक वादात माणसे असतात आणि प्रत्येक प्रकरणात तत्त्वे. हे खरे आहे. रखमाबाईंचा खटला घ्या. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी बायकोने नांदायला यावे म्हणून दावा लावला, तेव्हा तो एका घरचा तंटा होता. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले, रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, आणि त्या क्षणी तंट्याचा वाद झाला. अजाणत्या वयात लागलेले लग्न मुलीवर बंधनकारक असावे का, हा प्रश्न सगळ्या हिंदुस्थानापुढे आला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या चर्चेला त्याने धार दिली. म्हणजे एकातून दुसरे निघू शकते. पण निघाले, हे कळण्यासाठीच दोन शब्द वेगळे हवेत. रखमाबाईंच्या चारित्र्याबद्दल, त्यांच्या सावत्र वडिलांच्या हेतूंबद्दल बोलणारे लोक या खटल्याला शेवटपर्यंत भानगडच समजत होते. प्रश्न बदलला आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही, किंवा येऊ द्यायचे नव्हते.

याच्या बरोबर उलटी चूक आज जास्त दिसते. आजची वर्तमानपत्रे ‘वाद’ शब्द फार सढळ वापरतात. भूखंडाचे पैसे कुठे गेले याचा हिशेब लागत नाही, आणि बातमी असते की अमुक नेते वादाच्या भोवऱ्यात. अधिकाऱ्याने लाच घेतल्याचा आरोप असतो, आणि तो ‘वादग्रस्त अधिकारी’ होतो. लाच घ्यावी की घेऊ नये, याविषयी महाराष्ट्रात दोन मते नाहीत. तिथे वाद कसला? तिथे फक्त तपास बाकी आहे. त्याला वाद म्हटल्याने दोषी असणाऱ्याला एक बाजू मिळते, आणि बाजू मिळाली की समर्थकही मिळतात. १८८८ मध्ये क्रॉफर्ड या कमिशनरावर लाचखोरीचे आरोप झाले आणि पैसे दिल्याचे मामलेदारांनी स्वतः कबूल केले, तेव्हा लोकांनी त्याला लाचेचे प्रकरणच म्हटले. तो मतभेदाचा विषय आहे, असे कोणाला सुचले नाही. ‘ग्रस्त’ हा प्रत्यय आपण कुठे लावतो, तेही पाहावे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, आणि त्याच रांगेत वादग्रस्त. म्हणजे वाद ही आपल्या भाषेत आपत्ती झाली आहे. आणि दुसरीकडे हाच शब्द अद्वैतवाद, समाजवाद यांत विचारपूर्वक घेतलेली भूमिका दाखवतो. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले. सत्य शोधण्यासाठी दोन पक्षांनी चालवलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चाललेली तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढणे ती वितंडा. ज्या परंपरेने इतका बारीक भेद केला, तिच्या वारसांनी चोरीला आणि तत्त्वचर्चेला एकच नाव द्यावे, हे खेदाचे आहे.

जून २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने हे सगळे पुन्हा घडले. मिलानमधल्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. पहिल्या आठवड्यातली खळबळ स्कँडलची होती: चोरी केली की नाही केली? संताप योग्य होता. कंपनीने काही दिवसांत मान्य केले की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि बातमीची आच उतरली. तथ्य कबूल झाल्यावर स्कँडल संपते, म्हणून लोकांचे लक्षही उडाले. पण वादाचा प्रश्न त्यानंतरच सुरू होत होता. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे संरक्षण करते; चपलेचा घाट, वेणी, अंगठा यांचे करते का? ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचे आहे आणि दोन राज्यांच्या महामंडळांच्या नावे नोंदले आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका गेली तेव्हा ती या मुद्द्यावर टिकली नाही की नोंदणीकृत हक्कदारांनी स्वतः यायला हवे. मग चप्पल शिवणाऱ्या माणसाचा हक्क नेमका कुठे आहे? महामंडळात, समाजात, की त्याच्या हातात? शतकानुशतके एका जातीवर लादलेल्या कामातून जन्मलेल्या कलेचा मोबदला त्या जातीच्या वंशजांना मिळावा, की आज जो कोणी ते काम करतो त्याला? यात कोणी दोषी सापडणार नाही, कोणाची माफी मिळून हे मिटणार नाही, आणि न्यायालय किंवा करार यातला एखादाच तुकडा सोडवू शकेल. सुभाषनगरच्या आणि जवाहरनगरच्या कारागिरांनी, कर्नाटकातल्या अथणी-निपाणीच्या कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी, कायदा जाणणाऱ्यांनी आणि सरकारने समोरासमोर बसून या प्रश्नांवर आपापला पक्ष मांडण्याची वेळ प्राडाची बातमी थंडावल्यावर आली, आणि त्या घटकेला आपण सगळे पुढच्या प्रकरणाकडे वळलो होतो.